सुरक्षा समितीतील फिरत्या जागा



पालघर-बोईसरच्या माणसाने न्यूयॉर्कमधल्या निवडणुकीची चौकशी कशाला करावी, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव वाचून कोणाच्या मनात आला असेल, तर तो रास्तच म्हटला पाहिजे. ग्रामपंचायतीची निवडणूक, नगर परिषदेची निवडणूक, फार तर विधानसभेची. येथवरचा आपला संबंध उघड आहे. रस्ता होणार की नाही, नळाला पाणी येणार की नाही, हे त्या निवडणुकांवर अवलंबून असते. पण दूर देशी एका सभागृहात १९३ राष्ट्रांचे प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून पाच राष्ट्रे निवडतात, त्याचे आपल्याला काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. बोईसर स्टेशनावरून पश्चिमेला समुद्राच्या रोखाने गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. १९६३ साली भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला; अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन अणुभट्ट्या उभ्या केल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरात त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. या भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे आणि त्याचा हिशेब व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या तपासनिसांनी पाहायचा, अशी व्यवस्था ठरली. १९७४ साली पोखरणला स्फोट झाला. १९७८ साली अमेरिकेने आपला कायदा बदलला आणि तारापूरचे इंधन अडले. १९८० साली एक खेप सोडावी की नाही, याचा निकाल अमेरिकेच्या सीनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा अवघ्या दोन मतांनी लागला. पुढे १९८२ साली फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य केले, तेव्हा कोठे हा घोर मिटला. म्हणजे आपल्या घरातला दिवा लागायचा की नाही, हे परक्या सभागृहातील मतांच्या मोजणीवर ठरले, असा अनुभव या तालुक्याने घेतलेला आहे. व्हिएन्नाच्या त्या संस्थेला एखाद्या देशाने नियम मोडल्याचे आढळले, तर तिने ते गाऱ्हाणे न्यूयॉर्कच्या सुरक्षा समितीपुढे न्यावे, असे तिच्या घटनेतच लिहिलेले आहे. तेव्हा त्या समितीत कोण बसतो आणि कसा बसतो, हे समजून घेणे आपल्या दृष्टीने अगदीच परक्याचे काम नव्हे.

समितीची रचना

सुरक्षा समिती, म्हणजे ज्या संस्थेला आता सुरक्षा परिषद म्हणण्याचा प्रघात आहे ती, संयुक्त राष्ट्रसंघाची सर्वांत प्रबळ शाखा होय. आमसभा ठराव करते, पण ती मुख्यतः शिफारस असते. सुरक्षा समितीचे निर्णय मात्र पाळण्याचे सर्व सभासद राष्ट्रांनी सनदेने कबूल केले आहे. एखाद्या देशाशी व्यापार बंद करणे, त्याला शस्त्रे विकण्यास मनाई करणे, शांतिसेना धाडणे, इतकेच नव्हे तर लष्करी बळ वापरण्यास संमती देणे, हे सारे तिच्या हाती आहे.

या समितीचे सभासद पंधरा. त्यांपैकी अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन हे पाच कायमचे. उरलेले दहा निवडून येतात, दोन वर्षे बसतात आणि जातात. दर वर्षी पाच जण उठतात व नवे पाच येतात, त्यामुळे समिती कधीही एकदम कोरी होत नाही. अर्धे नवे आणि अर्धे मुरलेले असा मेळ राहतो. मुदत संपलेल्या राष्ट्राला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही.

हे गावच्या भाषेत मांडून पाहू. समजा, एखाद्या मच्छीमार सोसायटीचे पंधरा जणांचे मंडळ आहे. सोसायटी स्थापन झाली तेव्हा ज्या पाच जणांच्या मोठ्या होड्या होत्या ते तहहयात सभासद. त्यांपैकी कोणी एकाने 'नाही' म्हटले की ठराव बारगळला. बाकीचे दहा सर्व कोळीवाड्यांतून निवडायचे. आता कोणी म्हणेल, की त्या पाचांपुढे या दहांचे काय चालणार? पण कायद्यात एक मेख आहे. कोणताही महत्त्वाचा ठराव संमत होण्यास पंधरांपैकी नऊ मते लागतात. पाची मोठे एक झाले तरी मते पाचच. आणखी चार मते त्यांना या दहांकडूनच मिळवावी लागतात. आणि दहांपैकी सात जण हटून बसले, तर पाची बडे एका बाजूला असूनही ठराव होत नाही. नकाराधिकार एकेकट्याला नाही, पण सातांना मिळून जवळजवळ तसाच अधिकार आहे. फिरत्या जागांची किंमत या हिशेबात आहे.

सहाच्या दहा कशा झाल्या

१९४५ साली सनद लिहिली गेली तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाची राष्ट्रे होती ५१ आणि समितीच्या जागा होत्या ११. म्हणजे निवडून द्यावयाच्या सहाच. त्या सहांची वाटणी बड्या राष्ट्रांच्या आपसांतील समजुतीने झाली होती: दोन लॅटिन अमेरिकेला आणि पश्चिम युरोप, पूर्व युरोप, मध्यपूर्व व ब्रिटिश राष्ट्रकुल यांना एकेक. या वाटणीत आशियाचा पूर्वेकडील व दक्षिणेकडील भाग आणि आफ्रिका यांचे नावच नव्हते. भारत १९५०-५१ साठी प्रथम निवडून आला तो राष्ट्रकुलाच्या जागेवर, कॅनडा उठल्यावर. स्वतंत्र आशियाई राष्ट्र म्हणून बसायला खुर्चीच नव्हती.

पुढे वसाहती स्वतंत्र होत गेल्या आणि राष्ट्रांची संख्या शंभरावर गेली. दाराशी उभे असणारे वाढले आणि आत जागा तेवढ्याच. तेव्हा एकच जागा दोघांनी वर्ष-वर्ष वाटून घ्यावी, अशा तडजोडी होऊ लागल्या. १९५५ साली युगोस्लाव्हिया व फिलिपाइन्स यांची कोंडी फुटेना, म्हणून एक वर्ष एकाने व एक वर्ष दुसऱ्याने बसावे असे ठरले. अखेर १९६३ च्या डिसेंबरात आमसभेने सनदेत दुरुस्ती सुचवली व ती ३१ ऑगस्ट १९६५ पासून अमलात आली. जागा पंधरा झाल्या, निवडून द्यावयाच्या दहा. त्यांची वाटणी आता ठरलेली आहे: आफ्रिका व आशिया मिळून पाच (प्रत्यक्षात आफ्रिकेच्या तीन व आशियाच्या दोन), लॅटिन अमेरिका व कॅरिबियन दोन, पश्चिम युरोप व त्यांच्या गोटातील इतर दोन आणि पूर्व युरोप एक. समितीच्या रचनेत आजवर झालेली ही एकच वाढ. तेव्हापासून सभासद राष्ट्रे १९३ झाली, जागा मात्र पंधराच राहिल्या.

आशियाच्या वाट्याला दोन जागा, म्हणजे दर वर्षी एकच रिकामी होणार. गटात राष्ट्रे पन्नासाहून अधिक. प्रत्येकाने शिस्तीने आपली पाळी धरायची ठरवली, तर एकदा उठल्यावर पुन्हा नंबर लागायला अर्धे शतक जावे लागेल. आपल्याकडे सरपंचपदाचे आरक्षण चक्राकार फिरते, तेव्हा कोणाची पाळी केव्हा हे कायदा सांगतो. येथे तसे चक्र नाही. फिरत्या जागा म्हणजे पाळीने मिळणाऱ्या जागा नव्हेत. दर वेळी मते मिळवावी लागतात. म्हणूनच जपान बारा वेळा निवडून आला आणि पन्नासाहून अधिक राष्ट्रे अद्याप एकदाही त्या टेबलाशी बसलेली नाहीत.

मतदान कसे होते

निवडणूक आमसभेत होते. पूर्वी ती वर्षाच्या अखेरीकडे होई. २०१६ पासून जूनमध्ये होऊ लागली, हेतू हा की निवडून आलेल्यांना १ जानेवारीपूर्वी तयारीस सहा महिने मिळावेत. नामनिर्देशन होत नाही, भाषणे होत नाहीत. प्रत्येक राष्ट्राला, ते चीनएवढे असो की प्रशांत महासागरातील चिमुकले बेट असो, एकच मत. मतपत्रिका गुप्त. निवडून येण्यास हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात. सर्वच्या सर्व १९३ राष्ट्रांनी मत दिले तर १२९. प्रतिस्पर्धी नसला तरी ही १२९ मते पडावीच लागतात. बिनविरोध म्हणून कोणी आपोआप निवडून येत नाही, ही गोष्ट आपल्याकडील पद्धतीहून वेगळी आहे आणि ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिल्या फेरीत दोन-तृतीयांश न मिळाल्यास पुढच्या फेऱ्या फक्त आघाडीच्या उमेदवारांपुरत्या मर्यादित करतात. तशा तीन फेऱ्या फुकट गेल्या की रिंगण पुन्हा सर्वांना मोकळे होते, आणि असे आलटून पालटून निकाल लागेपर्यंत चालते. १९७९ साली क्यूबा व कोलंबिया यांच्यात १५४ फेऱ्या झाल्या तरी कोणी हटेना. वर्ष उलटले. अखेर १९८० च्या जानेवारीत दोघेही बाजूला झाले आणि १५५ व्या फेरीत मेक्सिको निवडून आला. २००६ साली ग्वाटेमाला व व्हेनेझुएला ४७ फेऱ्या झुंजले, आणि ४८ व्या फेरीत जागा मिळाली पनामाला.

केवळ श्रीमंती किंवा आकारमान येथे पुरे पडत नाही. १९७८ साली जपानसारख्या धनाढ्य राष्ट्राला मागे सारून बांगलादेश निवडून आला. त्या देशाचा जन्म होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. २०२० साली कॅनडा नॉर्वे व आयर्लंड यांच्यापुढे पडला. उलट २०१३ साली सौदी अरेबियाने निवडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी जागा नाकारली, आणि ती जॉर्डनकडे गेली.

आता मते मिळतात तरी कशी? सनद म्हणते, की प्रथम शांतता राखण्याच्या कामी राष्ट्राचा हातभार किती हे पाहावे आणि मग भूगोलाचा समतोल. हे वाक्य उत्तम आहे. व्यवहारात मात्र वर्षानुवर्षे आधी उमेदवारी जाहीर करणे, राजदूतांनी दारोदार फिरणे आणि 'आज आम्हाला द्या, उद्या आम्ही तुम्हाला देऊ' अशी लेखी-तोंडी वचने घेणे, हेच चालते. मतदान गुप्त असल्याने वचन मोडणारा सापडत नाही. आपल्याकडे मतदाराने जेवणावळ एकाची झोडावी आणि शिक्का दुसऱ्यावर मारावा, यात जी गंमत आहे ती त्या भव्य सभागृहातही चुकलेली नाही.

भारताचा जमाखर्च

भारत आजवर आठ वेळा निवडून आला: १९५०-५१, १९६७-६८, १९७२-७३, १९७७-७८, १९८४-८५, १९९१-९२, २०११-१२ आणि २०२१-२२. एकूण सोळा वर्षे. १९७५ साली पाकिस्तानशी चुरस होऊन फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि भारताने माघार घेतली. १९९६ साली तर जपानला १४२ मते व भारताला अवघी ४० अशी नामुष्की झाली.

आत असणे आणि बाहेर असणे यांत फरक काय पडतो, हे तीन प्रसंगांवरून पाहता येईल.

पहिला प्रसंग १९६८ चा. अण्वस्त्र-प्रसारबंदीचा करार तयार झाला होता. त्यावर सही करणाऱ्या बिनअण्वस्त्र देशाला कोणी अणुबॉम्बचा धाक घातला, तर बडी राष्ट्रे मदतीस धावतील, अशा आशयाचा ठराव १९ जून रोजी सुरक्षा समितीपुढे आला. त्या वेळी तारापूरच्या भट्ट्यांचे काम शेवटच्या टप्प्यात होते आणि समितीत भारताची खुर्ची होती. संरक्षणाचे आश्वासन करारावरील सहीला जोडू नये, ही भूमिका घेऊन भारत तटस्थ राहिला. फ्रान्स, पाकिस्तान, ब्राझील व अल्जीरिया यांनीही तेच केले. ठराव दहा मतांनी संमत झाला. लागणाऱ्या नऊहून एकच मत अधिक. भारताला तो अडवता आला नाही, पण आपला आक्षेप त्याने मतदानात नोंदवला, आणि तो जगाच्या दप्तरी कायम झाला.

दुसरा प्रसंग १९७१ च्या डिसेंबरचा. बांगलादेशच्या युद्धात समितीच्या बैठकांवर बैठका झाल्या. भारत पुढील दोन वर्षांसाठी निवडून आलेला होता, पण खुर्ची १ जानेवारीपासूनची. सभासद नसलेल्या देशाला आपले म्हणणे मांडता येते, मत देता येत नाही. तेव्हा युद्धबंदीचे ठराव अडले ते सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारामुळे. आपली भिस्त सर्वस्वी मित्रावर होती.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका. १९९६ च्या सप्टेंबरात अणुचाचणीबंदी कराराला भारताने आमसभेत विरोध केला. पुढच्याच महिन्यात ती निवडणूक आली आणि १४२ विरुद्ध ४० असा निकाल लागला. जपानचा पैसा व भारताची एकाकी भूमिका, दोन्हींचा त्यात भाग होता असे मानले जाते. जपान १९९७-९८ साठी आत बसला. १९९८ च्या मे महिन्यात भारताने व पाकिस्तानने चाचण्या केल्या, आणि ६ जून रोजी सुरक्षा समितीने दोघांचा निषेध करणारा ठराव एकमताने संमत केला. तेव्हा जपान टेबलाशी होता आणि भारत बाहेर. भारत आत असता तर ठराव झालाच नसता असे मी म्हणत नाही. पण तो 'एकमताने' झाला नसता, एवढे निश्चित. दीड वर्षापूर्वी गमावलेल्या मतांची किंमत त्या दिवशी मोजावी लागली.

येथे व्हिएन्नाचा दाखला ताडून पाहण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या नियामक मंडळावर ३५ जागा आहेत. त्यांपैकी २२ निवडून येतात. उरलेल्या तेरा, अणुविद्येत जी राष्ट्रे पुढारलेली असतील त्यांना नेमून दिल्या जातात, आणि प्रत्येक भूभागातील अग्रेसर राष्ट्राला त्यांत स्थान मिळते. १९५५-५६ साली ही घटना घडत असता डॉ. होमी भाभा व भारताचे प्रतिनिधी त्या चर्चेत होते. भारत १९५७ पासून त्या मंडळावर आहे तो या नियमाने. तुर्भ्याच्या व तारापूरच्या कामावर तेथे हक्काची जागा मिळते. न्यूयॉर्कला मात्र दर वेळी मताची झोळी घेऊन फिरावे लागते. खुर्ची कोणाला, हे नियम लिहिला जातो त्या घडीलाच बरेचसे ठरून जाते.

दोन वर्षांत काय करता येते

नकाराधिकार नाही, मुदत तोकडी. मग हाती काय उरते? समितीचे अध्यक्षपद महिन्यामहिन्याने इंग्रजी वर्णानुक्रमे फिरते. त्यामुळे प्रत्येक राष्ट्राला दोन वर्षांत एकदा-दोनदा ते मिळते. १९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले तेव्हा अध्यक्षस्थानी भारताचे बेनेगल नरसिंह राव होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा भारताची पाळी आली, तेव्हा सागरी सुरक्षिततेवर खास चर्चा ठेवण्यात आली व तिचे अध्यक्षस्थान पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी घेतले. झाईपासून अर्नाळ्यापर्यंत ज्यांची रोजी समुद्रावर आहे, त्यांना हा विषय दूरचा वाटणार नाही.

शिवाय समितीच्या पोटसमित्यांची अध्यक्षपदे बहुधा निवडून आलेल्यांकडे जातात. २०२२ साली दहशतवादविरोधी पोटसमिती भारताकडे होती. तिची खास बैठक त्या वर्षी २८ ऑक्टोबरला भरली ती मुंबईत, ताजमहाल हॉटेलात. २००८ च्या नोव्हेंबरात जे हॉटेल जळताना साऱ्या जगाने पाहिले, तेथेच पंधरा राष्ट्रांच्या प्रतिनिधींना बसवून मृतांना आदरांजली वाहावयास लावणे, हे भारताला साधले ते त्या दोन वर्षांच्या खुर्चीमुळे. त्याने सर्व गुन्हेगारांना शिक्षा झाली असे नव्हे. पण ज्यांनी विसरू नये त्यांना आठवण देण्याचेही एक स्थान लागते, आणि ते मताने मिळते.

२०१० च्या निवडणुकीत भारताला १८७ मते पडली, २०२० मध्ये १९२ पैकी १८४. १९९६ च्या ४० शी ताडून पाहा. हा पालट एकाएकी झाला नाही. एकदा कझाकस्तानने व एकदा अफगाणिस्तानने आपली उमेदवारी भारतासाठी मागे घेतली. २०१९ साली आशियाई गटाच्या सर्व ५५ राष्ट्रांनी एकमुखाने पाठिंबा दिला. १९९२ ते २०११ असा अठरा वर्षांचा वनवास सोसून ही शहाणीव आली: शेजारी व लहान राष्ट्रे आधी, सभागृह मागाहून.

भारताला कायमची जागा मिळावी, ही मागणी योग्यच आहे. परंतु तिला सनदेत दुरुस्ती हवी. दुरुस्तीला आमसभेचे दोन-तृतीयांश हवेत आणि पाची कायम सभासदांचा होकार हवा. जे पाच जण आत बसले आहेत, त्यांतील एकही नाराज असेल तर दार उघडत नाही. तोवर जी खुर्ची मिळू शकते ती फिरतीच. २०२८-२९ साठी भारताने उमेदवारी जाहीर केली असून तिची निवडणूक २०२७ साली व्हायची आहे.

ती बातमी येईल तेव्हा मतांचा आकडा ठळक अक्षरांत छापला जाईल आणि पेढेही वाटले जातील. आपण नागरिकांनी त्यापुढे दोन प्रश्न विचारावेत. ज्या लहान राष्ट्रांनी आपल्या चिठ्ठीवर भारताचे नाव लिहिले, त्यांच्यासाठी आपण त्या दोन वर्षांत काय बोललो? आणि अवघड ठराव आला, तेव्हा आपले मत कोठे पडले? ग्रामपंचायतीच्या सभासदाला आपण हेच विचारतो. तारापूरच्या दिव्याखाली बसणाऱ्या माणसाला न्यूयॉर्कच्या सभासदालाही तेच विचारण्याचा अधिकार आहे.